जीपमधून उतरा!

दिवाळीचे चार दिवस सरत आले आणि चकल्यांचा डबा तळाशी गेला, की घरोघर एक वाद हटकून सुरू होतो. जायचे कुठे? मुलांना पाणी पाहिजे असते, गृहिणीला चुलीपासून सुटका पाहिजे असते, आणि घरधन्याला आधी खर्चाचा आकडा पाहिजे असतो. हल्ली हा वाद जीप मिटवते. पहाटे दाराशी जीप, पुढे वाटाड्या, दिवसभर रान आणि किनारा, दिवेलागणीला परत घरी. तिघांचेही समाधान! कोकणात ही गाडी थेट पुळणीवर जाते. ओल्या वाळूवर चाके फिरवली म्हणजे समुद्र पाहिला, अशी तेथे जाणाऱ्यांची समजूत असते. दर सुट्टीत कुणाची तरी गाडी भरतीत रुतते, गावकरी दोर लावून ती ओढतात, आणि वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. त्या चाकांखाली खेकड्यांची किती बिळे मिटली, याचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

आमच्या भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. तो आठ-नऊशे किलोमीटर दूर राहिला. पण आम्हांला किनारा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. वैनगंगा जिल्ह्यातून वाहते. पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणाने तिचे पाणी असे तुंबवले आहे, की पैलतीर धुक्यात हरवतो. आणि तलाव तर इतके, की भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणण्याचा प्रघातच पडला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून नुसते माजी मालगुजारी तलावच ६,८०० हून अधिक आहेत. एवढे काठ असल्यावर सहलीची जीप येथेही यायचीच. ती आली. तिने यावे, याला माझी हरकत नाही. माझे भांडण आहे ते ती काय दाखवते आणि काय झाकते, याच्याशी.

नागपूरहून निघालेली एक जीप डोळ्यांपुढे आणा. पहाटे कोक्याचे किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचे फाटक. तेथे उघड्या जिप्सीत सहाजण, एक चालक, एक गाईड. दुपारी रावणवाडीच्या तलावाशी डबे सोडायचे. ऊन उतरले की आंभोऱ्याचा पूल आणि गोसीखुर्दचे पाणी. बारा तासांत एक अभयारण्य, एक तलाव, एक संगम, एक धरण! या साऱ्या दिवसात पाहुण्यांचे पाय मातीला लागतात ते फक्त जेवायला आणि छायाचित्राला. घरी गेल्यावर शेजारी एकच प्रश्न विचारतात, “वाघ दिसला का?” दिसला असेल तर सहल सफल, न दिसला तर पैसे पाण्यात. ज्या पाण्यात पैसे गेले म्हणतात, ते पाणी मात्र कोणी पाहिलेले नसते.

वाघाचे हे वेड आमच्या भागात काही आजचे नाही. २०१३ मध्ये नागझिऱ्याचा एक तरुण वाघ रस्ते, कालवे आणि नद्या ओलांडून चालत कऱ्हांडल्याला आला. त्याचे नाव जय. त्याच्यामागे देशभरातून माणसे धावली. २०१६ मध्ये तो नाहीसा झाला, तो पुन्हा सापडलाच नाही. पण वेड उरले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी याच अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आपले पाच बछडे घेऊन वाटेवर आली, आणि दोन्ही अंगांनी जिप्सी उभ्या राहिल्या. ना पुढे वाट, ना मागे! आई आणि पाच पोरे गाड्यांच्या मध्ये कोंडली गेली आणि लोक मोबाईल उंचावून उभे. वर्षाचा शेवटचा दिवस साजरा झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला आपण होऊन दखल घ्यावी लागली. चालक आणि गाईड यांना बंदी झाली, दंड झाले. बातमी वाचून सर्वांनी चालकांना आणि गाईडांना नावे ठेवली. मी म्हणतो, गाडीत मागे बसलेल्यांचे काय? त्या गाड्या त्या जागी कोणाच्या हौसेखातर उभ्या होत्या?

माझा एक जुना विद्यार्थी गाईड आहे. शाळेत भूगोलात पहिला यायचा. त्याला म्हटले, “अरे, तू पाहुण्यांना तलावांबद्दल सांगत का नाहीस? तुझ्या गावातच एवढा मोठा आहे!” तो हसला. म्हणाला, “गुरुजी, तलावाचं सांगाले लागलो का लोक मोबाईल काढतेत. वाघ दिसला तर बक्षीस भेटते, तलावाचं कोन देते?” त्या पोराला मी काय उत्तर देणार? मागणी तसा पुरवठा, हे मीच कधी तरी फळ्यावर लिहिले असेल.

आता कोणी म्हणेल, अभयारण्यात खाली उतरायला बंदी आहे, मग माणसांनी काय करावे? बंदी आहे आणि ती योग्यच आहे. रान हे जनावरांचे घर. तेथे चाकावर बसून, गप्प राहून, लांबून पाहावे. पण हा नियम रानाचा आहे, तो तलावाच्या पाळीला कोणी लावला? गावच्या तलावाशी ना फाटक आहे, ना तिकीट, ना वाघ. तेथेही माणसे जीपमध्येच बसून राहतात, याला काय म्हणावे? त्यांना वाटते हा ‘निसर्ग’ आहे. देवाने केला, आपण पाहिला, पुढे चला.

खोटे आहे हे. आमचे तलाव देवाने केलेले नाहीत. माणसांनी केले आहेत. गोंड राजांच्या काळात या मुलखात रान होते, उतार होता, पाऊस होता. पण पाणी थांबत नव्हते. राजांनी धोरण ठरवले, की जो रान तोडून गाव वसवील त्याला गावाची सत्ता, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन. कोहळी समाजाने हे काम अंगावर घेतले. हातात ना यंत्र, ना नकाशा. पाणी कोठून येते, कोठे वळते, मुरूम कोठला, काळी माती कोठली, हे पायाखालच्या ओळखीने ठरवून त्यांनी दोन टेकड्यांच्या मध्ये पाळी घातल्या. ज्या नवेगावबांधच्या जलाशयाला लोक ‘नैसर्गिक सरोवर’ म्हणून हात जोडतात, तो अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे तिकडे सर्वज्ञात आहे. (नवेगावबांध १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता, गोंदिया वेगळा झाला आणि आमचे ते वैभव सरकारी कागदावर तिकडे गेले. असो.) भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातला शिवनीबांध पाहा. बांध हा शब्दच गावाच्या नावात आहे, तरी तेथे उभे राहून माणसे म्हणतात, “काय निसर्ग आहे!”

आणि ही नुसती मातीची भिंत नव्हे. पाळीच्या पोटात दगडी तुडूम असते. तलावाची पातळी उतरत जाईल तसतसे त्याचे एकेक तोंड मोकळे करायचे आणि पाणी पाटाने बांध्यांत सोडायचे. पाऊस जास्त झाला तर जादा पाणी एका अंगाने निघून खालच्या बोडीत जाते, तिच्यातून त्याच्या खालच्या तलावात. पाणी असे एका गावाचा हात सोडून दुसऱ्या गावाचा हात धरते. भाद्रपदात पावसाने पाठ फिरवली तरी धान वाचते ते या पाण्यावर. दिवाळीत तुम्ही जे पोहे खाल्ले, ते धान कदाचित अशाच एखाद्या तुडुमाच्या पाण्यावर निसवले असेल. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, तेव्हा उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर होते. काठच्या उथळ पाण्यात आपोआप येणारा रानटी भात असतो, त्याला आमच्याकडे देवधान म्हणतात. त्याच्या आडोशाने पाखरे घरटी करतात, मासे अंडी घालतात. म्हणजे तलावाचा काठ ही पाण्याची कड नव्हे. तलावाचा सारा संसार तेथेच असतो. तो जीपमधून कसा दिसावा? तो पाळीवरून चालत गेले, मध्येच बसले, थोडे गप्प राहिले, तरच दिसतो.

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. पाखरांचे एवढे मोठे जाणकार. पण ते तलाव शिकले कोणापासून? तेथल्या माधवराव पाटील डोंगरवारांपासून. त्या गावच्या पाटलाचे ऋण त्यांनी जन्मभर सांगितले. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर पुस्तक लिहिले, ते रानात मुक्काम ठोकून, पायी हिंडून. या माणसांनी आम्हांला आमचे रान आणि आमचे पाणी दाखवले. त्यांची पुस्तके बैठकीच्या कपाटात ठेवायची आणि स्वतः मात्र बारा तासांत चार ठिकाणे ‘करून’ यायचे, हा कोठला न्याय?

जीपमधून तलाव ‘निसर्ग’ म्हणून पाहिला, की एक मोठी सोय होते. जो निसर्ग, त्याची दुरुस्ती करावी लागत नाही! १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. गेली ते उत्तमच झाले. त्या पद्धतीने गोरगरिबांना किती पिळले, ते आमच्या आजे-पणजांना ठाऊक होते. पण मालगुजाराबरोबर दरसालची पाळीची डागडुजीही गेली. तलाव सरकारजमा झाले, पुढे बहुतेक जिल्हा परिषदांकडे आले, आणि मग गाळ आमचा की सरकारचा, पाणी हक्काचे की पाणीपट्टीचे, या वादात वर्षे गेली. तलाव मात्र गाळाने भरत राहिले. काठांवर बेशरम माजली. नाव किती समर्पक! कोठेही उगवते, कशानेही मरत नाही, आणि तिच्याखाली दुसरे काही जगत नाही. जीपमधल्या पाहुण्याला ती जांभळट फुले फार गोड दिसतात. तो त्यांचे छायाचित्र काढतो.

आणि ढिवर? ढिवर तर कोणाच्याच छायाचित्रात नसतो. असला तर दूरवर डोंग्यात उभा असलेला एक काळा ठिपका, सूर्यास्ताला शोभा आणण्यापुरता. या माणसाला पाण्याच्या तळाची माहिती आपल्या अंगणासारखी असते. मरळ कोठे बसते, शिंगूर कोठल्या चिखलात सापडते, कोणत्या महिन्यात जाळे टाकू नये, हे त्याला विचारा. त्याच्या संस्थेने मासेमारीसाठी तलाव ठेक्याने घेतलेला असतो, त्याचे पैसे ती भरते. सहलीवाला त्याच तलावाच्या जिवावर दिवसाचे हजारो रुपये घेतो, त्यातला छदाम त्या संस्थेला जात नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे परत आले, पाखरे परत आली. या बायांच्या हातचे काम पाहायला एखादी जीप मुद्दाम थांबल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आता त्या संध्याकाळच्या पाण्याकडे येतो. आंभोऱ्याला वैनगंगेला कन्हान मिळते, आणखीही लहान नद्या मिळतात. चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये विवेकसिंधु येथेच लिहिला असे आम्ही मानतो. मराठवाडा अंबाजोगाईचा आग्रह धरतो. तो वाद विद्वानांनी सोडवावा. २०२४ मध्ये तेथे तारांनी तोललेला भव्य पूल वाहतुकीला खुला झाला. त्याच्या मनोऱ्यात उंचावर सज्जा आहे, तेथून खालचे पाणी पाहायचे. पाहण्यासारखे आहेच, मी नाही म्हणत नाही. पण त्या सज्जात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला कोणी तरी हे सांगायला पाहिजे, की गृहस्था, तुझ्या घरातले सांडपाणी नागपूरच्या नाग नदीत जाते, नाग नदी कन्हानला मिळते, आणि कन्हान येथे तुझ्या पायाखाली वैनगंगेला. तू दोन पैसे खर्चून आपल्याच मोरीचे पाणी पाहायला आला आहेस! त्या पाण्यावर जलपर्णी तरंगते. मुले टाळ्या पिटतात, “किती हिरवेगार!” त्याच पाण्याच्या काठची गावे ते पितात.

या पाण्याखाली काय आहे, हेही सांगणारे कोणी नसते. गोसीखुर्दची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते बसली. तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. २००९ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला. अडीच लाख हेक्टर भिजायचे होते. आणि भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली ऐंशीच्या वर गावे बाधित झाली. लोकांनी मोर्चे काढले, पाण्यात उभे राहिले, तेव्हा २०१३ मध्ये सुमारे १,२०० कोटींचे खास पॅकेज जाहीर झाले. ज्याला सहलीच्या पत्रकात ‘बॅकवॉटर’ म्हणतात, त्या फुगवट्याखाली कोणाचे अंगण आहे, कोणाचे तुळशीवृंदावन आहे, कोणाचे धानाचे खळे आहे. आता त्यावर जलपर्यटनाचा प्रकल्प आहे. वेगवान बोटी येणार, फेस उडणार. हिवाळ्यात याच पाण्यावर चक्रवाक आणि तलवार बदके हजारो मैलांवरून विसाव्याला येतात. त्यांना कोणी विचारले काय? आणि ज्यांचे गाव तळाशी आहे, त्यांना बोटीचे तिकीट अर्ध्या दरात मिळणार की पूर्ण?

पुळणीची गोष्ट तर विचारूच नका. वैनगंगेची रेती साऱ्या विदर्भात नावाजलेली. सहलीवाले तिला ‘बीच’ म्हणतात. दिवसा त्या वाटेने जीप किनारा पाहायला जाते, रात्री त्याच वाटेने टिप्पर किनारा भरून न्यायला जातो. वाटाड्याला हे ठाऊक असते, चालकाला ठाऊक असते, आणि माझ्या मते पाहुण्यालाही ठाऊक असते. त्याच्या नव्या फ्लॅटची भिंत त्याच रेतीची आहे.

येथे नेहमीचा आक्षेप येतो : “गुरुजी, तुम्ही पर्यटनाच्या विरुद्ध बोलता. पोरांना रोजगार मिळतो, तो तुम्हांला बघवत नाही.” बघवतो! माझाच विद्यार्थी त्यावर जगतो, हे वर सांगितलेच आहे. पण रोजगार कोणाचा किती, याचा हिशेब मांडा. गाडीचा मालक, हॉटेलचा मालक आणि मग उरलेल्यात गाईड. ढिवर त्या वहीत नाहीच. कोहळी शेतकरी नाही. आणि दुसरी रीत चालतच नाही, असे कोणी सांगू नये. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. तेथल्या पुळणीवर समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता हंगामात लोक तेथे जातात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, त्यांच्या चुलीवरचे जेवतात, आणि पहाटे उठून पायी, हो पायी, पुळणीवर जाऊन इवली पिले समुद्राकडे जाताना पाहतात. कधी पिले निघतात, कधी निघत नाहीत. कोणी पैसे परत मागत नाही. तेथे पुळणीवर जीप घातली, तर काय पाहायला उरेल?

वेळासला जे साधले, ते शिवनीबांधला का साधू नये? पाळीवर घेऊन जायला एक ढिवर, जेवायला एका घरचा भात आणि तलावाचा मासा, पैसे संस्थेच्या खात्यात. यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही, मंत्री लागत नाही, कोनशिला तर मुळीच लागत नाही. लागते ते एवढेच, की गिऱ्हाइकाने तसे मागितले पाहिजे. वाघ मागितला म्हणून वाघ दाखवतात. तलाव मागा.

दिवस तर नेमके हेच आहेत. पाडव्याचे गायगोधन झाले, की आमच्याकडे गावोगाव मंडया भरतात, रात्री दंडार आणि नाटके रंगतात. हलके धान कापून झालेले असते, भारी धान पिवळे होत असते. तलाव काठोकाठ असतात आणि उत्तरेकडून पहिले थवे उतरू लागलेले असतात. या सुट्टीत जीप केली असेल तर करा. पण वाटेत एखादी उंच पाळ दिसली, की चालकाला थांबायला सांगा. तो म्हणेल, “इथं काहीच नाही, साहेब, पुढं चला.” त्याचे ऐकू नका. मुलांना घेऊन उतरा, पाळ चढा, आणि पाण्यात कोणी डोंग्यातून शिंगाडे काढत असेल त्याला हाक मारून विचारा, “दादा, शिंगाडे काय भाव?” भाव करू नका. तो सांगेल ते द्या, आणि मग त्याला विचारा, हा तलाव कोणी बांधला.